सी भरला, डी रिकामा : घरच्या हार्ड डिस्कची पंचवीस वर्षं

१९९८-९९च्या सुमारास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असेम्बल केलेला कम्प्युटर घ्यायला गेलं, की रॅम आणि मॉनिटरची घासाघीस संपल्यावर दुकानातला मुलगा हमखास विचारायचा, "पार्टिशन किती करू?" गिरगाव, दादर, लालबागमधल्या बहुतेक घरांत तो पहिलाच कम्प्युटर. गिऱ्हाईक म्हणायचं, "तूच बघ बाबा." मग तो डिस्कचे तीन-चार भाग करून मोकळा व्हायचा, आणि त्या पाच मिनिटांत झालेली वाटणी घराला पुढे कित्येक वर्षं पुरवावी लागायची.

प्रश्न मात्र रास्त होता. विंडोज ९५च्या पहिल्या आवृत्तीत फॅट१६ ही पद्धत होती आणि तिला एका पार्टिशनमध्ये २ जीबीच्या वर जाता येत नसे. ४.३ जीबीची डिस्क आणली तर तिचे तुकडे करणं भागच होतं. शिवाय २ जीबीच्या पार्टिशनमध्ये जागा ३२ केबीच्या ठोकळ्यांनी खर्च व्हायची, म्हणजे दोन ओळींचा अर्ज सेव्ह केला तरी ३२ केबी गेले. १९९६मध्ये विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीत फॅट३२ आलं, विंडोज ९८बरोबर ते घरोघरी पोचलं आणि ठोकळा ४ केबीवर आला. तुकडे करण्याची सक्ती संपली, पण सवय राहिली. तिलाही कारण होतं. विंडोज ९८ आज ना उद्या बिघडणार, सी फॉरमॅट मारावा लागणार, आणि तेव्हा निदान डी वाचावा. त्या काळासाठी हा हिशेब अगदी बरोबर होता.

एका खोलीत कम्प्युटर एक आणि वापरणारे चार-पाच. त्यामुळे ड्राइव्ह माणसांत वाटले जायचे. डीमध्ये वडिलांचे सोसायटीचे हिशेब आणि मंडळाचा अहवाल, ईमध्ये गाणी आणि सिनेमे, एफमध्ये मुलांचे गेम. "माझ्या ड्राइव्हमध्ये का टाकलंस?" यावरून भावंडांची भांडणं व्हायची. ही वाटणी पुढे डिजिटल कॅमेऱ्याने बिघडवली. गणपतीचे दहा दिवस आणि एक लग्न एवढ्यात डी तुडुंब व्हायचा आणि शेजारी एफ अर्धा रिकामा पडलेला असायचा.

गिरगाव-ठाकुरद्वारच्या लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं करणाऱ्या डीटीपीवाल्यांची अडचण वेगळीच होती. त्यांच्या फाइली डीमध्ये सुखरूप असायच्या, पण श्रीलिपीसारख्या पॅकेजचे फॉन्ट सीमधल्या विंडोजच्या फोल्डरात. घाईत सी फॉरमॅट झाला की डीमधली पत्रिका उघडायची ती रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा होऊनच. युनिकोड रुळलेलं नव्हतं, त्यामुळे तोच फॉन्ट पुन्हा बसवल्याशिवाय वधूवरांची नावंसुद्धा वाचता येत नसत. फक्त फाइल वाचणं पुरेसं नसतं, हे त्या मंडळींना सगळ्यांच्या आधी कळलं.

ड्राइव्हची अक्षरं बदलण्याची गंमत आता कुणाला सांगून पटणार नाही. डॉस आणि विंडोज ९८ ही दोन्ही आधी प्रत्येक डिस्कच्या प्रायमरी पार्टिशनला अक्षर द्यायची आणि मग एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटातल्या लॉजिकल ड्राइव्हना. जागा कमी पडते म्हणून दुसरी डिस्क जोडली की तिचं प्रायमरी पार्टिशन डी व्हायचं आणि घरचा जुना डी ई होऊन बसायचा. सीडी ड्राइव्ह आणखी पुढे सरकायचा. डेस्कटॉपवरचे शॉर्टकट मेले, टॅली सापडेना, गेम सीडी मागत बसला. डेटा सगळा जागेवर असूनही घरात "सगळं उडालं" असा हाहाकार.

आणि आकार बदलायचा म्हटलं तर? एफडिस्कला पार्टिशन करणं आणि पुसणं एवढंच येत होतं, वाढवणं नाही. पार्टिशन पुसलं की आतला माल गेला. लिनक्सच्या नादाला लागलेली पोरं रेड हॅटच्या सीडीवरचं फिप्स वापरायची. त्याने फॅट पार्टिशनचा मागचा रिकामा भाग कापून वेगळा करता यायचा, पण आधी डीफ्रॅग करून सगळा डेटा पुढे आणावा लागे. पडद्यावर रंगीत चौकोन एकेक करून सरकायचे आणि रात्र सरायची. खरी सुटका पॉवरक्वेस्टच्या पार्टिशन मॅजिकने केली. १९९५मध्ये ते आलं आणि डेटा न पुसता सी वाढवता येतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. २००३मध्ये सिमँटेकने पॉवरक्वेस्ट विकत घेतली, त्यानंतर पार्टिशन मॅजिक पुढे सरकलंच नाही. पुढे जीपार्टेडने तेच काम फुकट दिलं.

हे काम मध्येच तुटलं तर डिस्कवर ना जुनी मांडणी उरते ना नवी. शेवट वाढवणं चुटकीसरशी होतं, पण पार्टिशनची सुरुवात मागे-पुढे करायची तर आतला सगळा डेटा उचलून सरकवावा लागतो आणि त्यात तासन्‌तास जातात. बेस्टच्या विजेवरच्या शहरभागाला या बाबतीत नशीबवान म्हणायला हवं. मुंबईबाहेरचा बराचसा महाराष्ट्र लोडशेडिंगखाली असताना इथे रात्रभर रीसाइझ चालू ठेवता यायचं. पण १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईचीही वीज गेली. यूपीएसशिवाय पार्टिशनला हात लावू नये.

विंडोजच्या आतूनच सी लहानमोठा करायची सोय २००७च्या विस्टात आली, आपल्याकडे बहुतेकांनी ती २००९च्या विंडोज ७मध्ये पाहिली. तरी एक गाऱ्हाणं आजही रोज ऐकू येतं : "डी पुसला, जागा मोकळी झाली, पण एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकटच दिसतंय." मोकळी जागा सीला लागून उजवीकडेच असावी लागते. मधल्या खोलीत दुसरं बिऱ्हाड असेल तर पलीकडची रिकामी खोली आपल्या घराला जोडता येत नाही, तसंच हे. जुन्या डिस्कवर डी लॉजिकल असायचा. तो पुसला की डिस्क मॅनेजमेंटमध्ये जागा हिरवी दिसायची, कारण ती अजून एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आतच होती. ते पार्टिशनही पुसलं आणि पट्टी काळी झाली की मगच सीला वाट मिळायची. आता डिस्कच्या जीपीटी या नव्या मांडणीमुळे प्रायमरी-लॉजिकलची कटकट गेली, तर तिची जागा रिकव्हरी पार्टिशनने घेतली. ते नेमकं सीच्या पुढ्यात ठाण मांडून बसतं. जानेवारी २०२४मध्ये विंडोज १०चं एक अपडेट हजारो मशिनवर अडकलं, कारण त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती. घरच्या माणसाला ते पार्टिशन हाताने वाढवायला लावणं हा मायक्रोसॉफ्टचा शुद्ध निष्काळजीपणा होता.

या सगळ्या वर्षांत एक समजूत मात्र हलली नाही : "डीमध्ये ठेवलंय ना, मग बॅकअप आहे." फॉरमॅटपासून डी वाचतो हे खरं, पण डिस्क मेली की सी आणि डी एकाच क्षणी जातात. हिंदमातेला पाणी भरतं, तेव्हा तळमजल्यावर जमिनीला टेकवलेला सीपीयू भिजला तर कुठलं पार्टिशन वाचवणार? लग्नाचे, बारशाचे, आता हयात नसलेल्या आजीचे फोटो "डीमध्ये आहेत" म्हणून लोक बिनधास्त असतात. मेलेली डिस्क हातात घेऊन आलेल्या माणसाला "काका, काही निघणार नाही" हे सांगण्याइतकं वाईट काम दुरुस्तीच्या धंद्यात दुसरं नाही.

एसएसडी आल्यावर तर तुकडे करण्यात अर्थच उरला नाही. २५६ जीबीच्या एसएसडीवर आजही कुणी १०० जीबीचा सी करून देतं. अपडेट, ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप सगळं सीमध्येच साठतं आणि वर्षभरात तो लाल होतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आहे, त्यामुळे अनेक घरांत नवी मशिन येतील किंवा जुन्यांवर नव्याने विंडोज बसेल. तेव्हा दुकानदाराने पार्टिशनचं विचारलं तर "एकच ठेव" म्हणा, आणि वाचलेल्या डोकेदुखीच्या बदल्यात एक वेगळी एक्स्टर्नल डिस्क घ्या. जुन्या मशिनवर सी वाढवायचाच असेल, तर विंडोजचं बिटलॉकर एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा, असेल तर तात्पुरतं थांबवा, रिकव्हरी की लिहून ठेवा, लॅपटॉप चार्जरला लावा. आणि त्याआधी फोटो त्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून, तिथून दोन-चार उघडून पाहा.