घरचा स्टुडिओ : भाग ९ – मंडईतला ताशा संगणकात

गेल्या आठवड्यात मायक्रोफोन कुठला घ्यावा हे आपण पाहिलं. या आठवड्यात तो पिशवीत टाकून पुण्याच्या मंडईत जायचंय.

संगणकावर ताल रचायला बसलं की पहिली अडचण वाद्यांचीच येते. कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, समोर बास ड्रम, स्नेअर, हाय-हॅट, टॉम आणि क्रॅश मांडून ठेवलेले असतात. हा संच रॉक बँडच्या ड्रमरचा. त्यात वाईट काही नाही, पण अनंत चतुर्दशीच्या सकाळी मंडईत लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी उभं राहिल्यावर छातीत जे घुमतं, ते त्यात नसतं. ‘इंडियन पर्कशन’ नावाचे तयार संच मिळतात, ते मी विकत घेऊन पाहिले आहेत. त्यात तबला असतो, ढोलक असते, ढोलही असतो, पण तो भांगड्याचा. दोन काड्यांनी वाजवायच्या त्या लाकडी ढोलाची जात वेगळी. एका पानावर टिपरू आणि दुसऱ्यावर उघड्या हाताची थाप पडणाऱ्या, कमरेला बांधलेल्या आपल्या ढोलाच्या जागी तो चालत नाही. ताशा तर मला एकाही संचात मनासारखा सापडला नाही. तेव्हा आपला किट आपणच बांधायचा.

बांधायचा म्हणजे नेमकं काय? ड्रमचं असं सॉफ्टवेअर स्वतः आवाज तयार करत नाही. कुणीतरी आधी वाजवून ध्वनिमुद्रित केलेला एकेक ठोका, म्हणजे सॅम्पल, ते हवं तेव्हा सोडतं. ही कल्पना रॉजर लिन या अमेरिकी अभियंत्याने १९८० साली एलएम-१ या यंत्रात बाजारात आणली. खऱ्या ड्रमचे आवाज चिपमध्ये साठवलेलं हे पहिलं ड्रम मशीन. तेव्हा मेमरी इतकी महाग होती की लांबवर घुमणारी क्रॅशची झांज त्यात बसवलीच नाही, आणि आखूड ठोक्यांवर भागवावं लागलं. आता हिशेब पाहा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो असं मुद्रण केलं तर एका सेकंदाला १४४ किलोबाइट लागतात. दीड सेकंदाचे शंभर ठोके २२ मेगाबाइटच्या आत बसतात, म्हणजे फोनमधल्या चार-पाच फोटोंएवढ्या जागेत. तरीही बहुतेक हौशी मंडळी ढोलाचा एकच ठोका घेतात आणि तोच गाणंभर वाजवतात. सगळी गडबड इथेच होते, आणि ती मला मंडईतच उमगली.

सकाळी साडेसहाला, गर्दी व्हायच्या आत, मी १८८६ सालच्या त्या दगडी इमारतीत शिरलो होतो. अष्टकोनी मनोऱ्याखाली उभं राहिलं की पाटी टेकवल्याचा आवाजसुद्धा वर जाऊन परत येतो. एका गाळ्यावरच्या मावशी अजून पितळी पारड्यांचा तराजू वापरतात. लोखंडी वजन पारड्यात पडतं तेव्हा आधी ‘टण्ण’ आणि मागून साखळीची बारीक खुळखुळ. मी विचारलं, “मावशी, वजन जरा परत ठेवता का? आवाज घ्यायचाय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मायक्रोफोनकडे पाहिलं आणि विचारलं, “कुठलं ठेवू? किलोचं, का अर्ध्याचं, का पावाचं? आवाज निराळा येतो बरं प्रत्येकाचा.”

मी तिन्ही घेतले. घरी येऊन ऐकले तर किलोच्या वजनाने पारडं खाली आदळत होतं, पावशेराचं नुसतं पितळेवर वाजत होतं. किलोचा आवाज कमी केला म्हणून त्याचा पावशेर होत नव्हता. ढोलाचंही तेच आहे. टिपरू जोरात बसलं की पान क्षणभर जास्त ताणलं जातं, स्वर किंचित वर चढून मग खाली उतरतो, आणि कडक ‘तड’ पुढे येते. हलक्या ठोक्यात ही तड नसते, नुसता गोल घुमार असतो. म्हणून जोराच्या ठोक्याचा आवाज बारीक करून हलका ठोका मिळत नाही, तो हलकाच वाजवून घ्यावा लागतो.

सॉफ्टवेअरमध्ये याला जागा आहे. मिडी भाषेत प्रत्येक ठोक्यासोबत त्याचा जोर जातो, १ ते १२७ या अंकांत. त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. या पट्टीचे तुकडे पाडायचे आणि एकेका तुकड्याला वेगळं सॅम्पल द्यायचं. मी ढोलाच्या टिपऱ्याला चार थर दिले, थापेला तीन, पथकातल्या धातूच्या टोलाला दोन. टोलाला जास्त लागत नाहीत.

ताशाने मात्र मला रडवलं. माझा भाचा ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. शुक्रवार पेठेत, मंडईच्या मागे आमच्या जुन्या वाड्यातली एक खोली रिकामी आहे. तिथे भिंतींवर गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, फ्रिजची वायर काढली आणि त्याला बसवलं. मायक्रोफोन ताशापासून दोन हात दूर ठेवला. ताशाचा ठोका म्हणजे टाचणीसारखं टोक, जवळून घेतला तर मुद्रण फाटतं. सगळ्यात जोराचा ठोका उणे १० डेसिबलच्या आसपास राहील एवढीच पातळी ठेवा, वर मोकळी जागा असू द्या. फोनवर मुद्रण करणार असाल तर आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय आधी बंद करा, नाहीतर हलका आणि भारी ठोका एकाच उंचीचे होऊन बसतील. आणि फाइल डब्ल्यूएव्ही ठेवा. एमपी३ मध्ये ठोक्याच्या आधी एक धूसर सावली येते आणि फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता चिकटते. गाणं ऐकताना हे जाणवत नाही, ताशा त्यानेच बोथट होतो.

मग कापाकापी. प्रत्येक ठोका जिथे उठतो तिथेच, लाट शून्य रेषेला छेदते त्या जागी कापायचा. वीस मिलिसेकंदांची शांतता जरी आधी राहिली तरी प्रत्येक ठोका तेवढा उशिरा येतो आणि ताल मागे ओढल्यासारखा वाटतो. शेपूट मात्र घाईने तोडू नका. ढोलाचा घुमार पूर्ण विरू द्या, शेवटी हलकं फेड लावा. हे काम कंटाळवाणं आहे, पण किटचा कस इथेच लागतो.

आता हे सगळं मांडायचं कुठे? मी हायड्रोजन नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. ते मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हीवर चालतं. नवा किट काढायचा, वाद्याला नाव द्यायचं, थरांच्या खिडकीत सॅम्पल चढवायची आणि पट्ट्या ओढून कुठलं सॅम्पल कुठल्या जोराला वाजेल ते ठरवायचं. झांजेसाठी ‘म्यूट ग्रुप’ लावा. उघडी झांज घुमत असताना दाबलेली वाजली की उघडीचा आवाज तिथेच तुटला पाहिजे, हातात तसंच होतं. किट पूर्ण झाला की एकाच फाइलमध्ये बांधून मित्राला देता येतो. एबलटन किंवा लॉजिक वापरत असाल तर नावं बदलतील, काम हेच.

एवढं करून मी तर्री वाजवली. ताशाचे ठोके एकमेकांत मिसळून जी सलग सर धरली जाते, ती तर्री. स्पीकरमधून मशिनगन बाहेर पडली. सेकंदाला बारा ठोके धरले तर प्रत्येकी ८३ मिलिसेकंद, आणि प्रत्येक वेळी तेच सॅम्पल, केसाचाही फरक नाही. कानाला फसवणं एवढं सोपं नसतं. माणसाच्या हातून दोन ठोके सारखे पडत नाहीत, काडी दर वेळी सुतभर इकडे-तिकडे बसते. यावर उपाय म्हणजे ‘राउंड रॉबिन’. एकाच जोराचे पाच-सहा वेगवेगळे ठोके एकाच पट्टीत ठेवायचे आणि सॉफ्टवेअरला ते आळीपाळीने वाजवायला सांगायचं. हायड्रोजनमध्ये वाद्याच्या खिडकीत हा पर्याय मिळतो. तो निवडला आणि तर्रीत थोडी हवा खेळायला लागली.

ढोलाच्या बाबतीत आणखी एक मोह आवरा. पथकाचा भार यावा म्हणून एकच ढोल वीस ट्रॅकवर चिकटवू नका. तंतोतंत सारखे आवाज एकावर एक ठेवले तर आवाज फक्त मोठा होतो, दर दुपटीला ६ डेसिबलने. तोच ढोल थोडा पुढे-मागे सरकवला तर नळीतून आल्यासारखा पोकळ वाजतो. पथकात प्रत्येक ढोलाचं पान वेगळं ताणलेलं असतं, प्रत्येकाचा हात वेगळा असतो. शिवाय मागच्या रांगेचा आवाज चालत यायला वेळ लागतो, दहा मीटरला सुमारे २९ मिलिसेकंद. मंडईच्या चौकात जो दणका अंगावर येतो तो या बारीक विसंवादातून आलेला असतो. मी सहा ढोल वेगवेगळे घेतले, प्रत्येकाचे चार थर केले, प्रत्येक ढोल मायक्रोफोनपासून वेगळ्या अंतरावर ठेवला. सहाच ढोल होते, पण आवाजाला रुंदी आली.

आणि मिरवणुकीची चित्रफीत इंटरनेटवरून उतरवून त्यातले ठोके कापणाऱ्यांना कळकळीने सांगतो, तसं करू नका. एक तर त्यात गर्दी, स्पीकर आणि शिट्ट्या मिसळलेल्या असतात. दुसरं म्हणजे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वादन करणाऱ्यालाही हक्क दिलेला आहे. पथकाला विचारा, आवाज कशासाठी हवाय ते सांगा. मी ज्यांना विचारलं त्यांतल्या एकानेही नाही म्हटलं नाही, उलट पान पुन्हा ताणून दिलं.

तयार किट घेऊन मी भाच्याला बसवलं आणि हेडफोन त्याच्या कानाला लावला. त्याने डोळे मिटले, मांडीवर बोटं चालू झाली आणि थोड्या वेळाने थांबली.

“मामा, ताशा माझाच आहे. पण डावा हात कुठंय?”

मला कळेना. त्याने पेन्सिली घेतल्या आणि टेबलावर हळू वाजवून दाखवलं. उजवा ठोका टोकदार, डावा जरा खोलगट आणि कडेच्या जवळ पडणारा. तर्रीत ते एकाआड एक येतात. आम्ही त्या दिवशी सोयीसाठी सगळे ठोके उजव्या हाताने घेतले होते, आणि राउंड रॉबिनमध्ये सहा उजवे हात एकमेकांमागून फिरत होते.

रविवारी गोधड्या पुन्हा टांगल्या. डाव्या हाताचे चोवीस ठोके घेतले, चार जोरांचे प्रत्येकी सहा. आता किटमध्ये ताशाची दोन वाद्यं आहेत, ‘ताशा उजवा’ आणि ‘ताशा डावा’, आणि तर्री लिहिताना एक ठोका वरच्या ओळीत, एक खालच्या ओळीत पडतो. मावशींचं किलोचं वजन दर चौथ्या आवर्तनाला समेवर ठेवलंय.