विश्लेषण : नवी कॅन्डल सुरू झाली, हे अल्गोला कसे कळते? इथली चूक किती महागात पडते?

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव ‘रजतनगरी’ म्हणून ओळखले जाते. तिथे चांदी दुकानात विकली जाते, पण चांदीच्या वायद्यांचे व्यवहार एमसीएक्सवर होतात. हे व्यवहार आता मोबाइल किंवा लॅपटॉपवरील प्रोग्रामकडे, म्हणजे अल्गोकडेही सोपवले जातात. त्यात चुका एका साध्या प्रश्नावर होऊ शकतात : नवी कॅन्डल सुरू झाली का?

कॅन्डल म्हणजे काय?

ठरावीक वेळेतील सुरुवातीचा, सर्वाधिक, सर्वात कमी आणि शेवटचा भाव मिळून एक कॅन्डल बनते. भावातील प्रत्येक बदलाला टिक म्हणतात. पाच मिनिटांच्या एका कॅन्डलमध्ये शेकडो टिक येऊ शकतात.

धोका कुठे?

प्रोग्राम प्रत्येक टिकला चालतो. ‘भाव सरासरीच्या वर गेला की खरेदी’ एवढीच अट असेल, तर तो एकाच कॅन्डलमध्ये वारंवार ऑर्डर टाकतो. चांदीच्या मुख्य वायद्याचा लॉट ३० किलोचा असतो. भाव किलोमागे १०० रुपये पडला, तर एका लॉटवर ३ हजारांचा तोटा होतो. चुकून दहा लॉट घेतले गेले, तर तोच ३० हजारांवर जातो.

कोणती पद्धत फसते?

कॅन्डल मोजणे भरवशाचे नाही. सॉफ्टवेअर ठरावीक संख्येपर्यंतच कॅन्डल ठेवत असेल, तर मर्यादा गाठल्यावर आकडा वाढत नाही. घड्याळही पुरत नाही. त्या पाच मिनिटांत व्यवहारच झाला नाही, तर बहुतेक चार्टवर कॅन्डल बनत नाही.

योग्य उपाय कोणता?

चालू कॅन्डल सुरू झाल्याची वेळ जपून ठेवायची आणि प्रत्येक टिकला ताज्या वेळेशी ताडायची. वेळ बदलली, तरच कॅन्डल नवी. मग नुकत्याच पूर्ण झालेल्या कॅन्डलवरून निर्णय घ्यायचा, कारण चालू कॅन्डल शेवटपर्यंत बदलत राहते.

वीज गेली तर?

प्रोग्राम पुन्हा सुरू होताना जपलेली वेळ कोरी असते. त्यामुळे अर्धवट कॅन्डलही त्याला नवी वाटते. म्हणून पहिल्या वेळी फक्त नोंद घ्यायची, ऑर्डर टाकायची नाही. आधीचे सौदे खुले आहेत का, हेही तपासायचे.

नियम काय सांगतो?

सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ रोजी किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गोसाठी परिपत्रक काढले. त्यानुसार अल्गो ऑर्डरला एक्स्चेंजचा ओळख क्रमांक लागतो. त्यामुळे ऑर्डर कुठून आली हे शोधता येते, पण चुकीच्या कोडमुळे झालेला तोटा भरून निघत नाही. म्हणूनच खरे पैसे लावण्याआधी अल्गो काही दिवस कागदी व्यवहारांवर चालवून पाहणे शहाणपणाचे.