‘सिस्टर’, पण कोणत्या?

महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांतील पदे, खालून वर

• अधिपरिचारिका : म्हणजे स्टाफ नर्स. खाटेपाशी प्रत्यक्ष शुश्रूषा. पात्रता जीएनएम (३ वर्षे) किंवा बीएस्सी नर्सिंग (४ वर्षे), शिवाय परिचर्या परिषदेची नोंदणी.

• परिसेविका : वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर. ड्युट्या लावणे, औषधांचे इंडेंट, साठ्याची नोंदवही, राउंडला डॉक्टरांसोबत. औषधांच्या कपाटाची किल्ली यांच्या जबाबदारीत. वॉर्ड चालतो तो यांच्या जिवावर.

• अधिसेविका : मेट्रन. संपूर्ण रुग्णालयाची परिचर्या सेवा यांच्या अखत्यारीत. मदतीला सहायक अधिसेविका.

पाठ्यनिर्देशिका (ट्यूटर) वेगळ्या. त्यांचे काम विद्यार्थिनींना शिकवण्याचे.

केंद्र सरकारी रुग्णालयांत २०१६ पासून स्टाफ नर्सचे पदनाम ‘नर्सिंग ऑफिसर’, नर्सिंग सिस्टरचे ‘सीनियर नर्सिंग ऑफिसर’. पुरुष परिचारकांना हाक ‘ब्रदर’.