स्वारगेटहून निघालेला कर्नल

लिनक्सचा कर्नल स्वतः कंपाइल करून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची पुण्यात कधी वानवा नव्हती. सोर्स फुकट मिळतो, सूचना सगळीकडे सापडतात, आणि जुन्या लॅपटॉपचा पंखा रात्रभर घरघरत राहिला की सकाळी कर्नल तयार झाल्याची ओळ टर्मिनलवर दिसते. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते.

‘मेक मॉड्यूल्स-इन्स्टॉल’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ या दोन कमांड दिल्या की फाइली यंत्रात जागोजागी जाऊन बसतात. मुख्य कर्नल ‘बूट’ फोल्डरमध्ये, शेजारी त्याचा सिस्टिम-मॅप, आणि ड्रायव्हरांची शेकडो-हजारो मॉड्यूल्स आवृत्तीच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये. हे सगळं परत काढून टाकणारी कमांड मात्र कर्नलच्या मेकफाइलमध्ये नाही. चार-सहा कर्नल करून पाहिले आणि बूटचं पार्टिशन भरलं, की कोणती फाइल कुठल्या प्रयोगाची हे हातानेच निवडत बसायचं. एखादी चुकीची उडाली तर यंत्र सुरूच होत नाही.

पॅकेजचं मोल इथे कळतं. डेबियनचं ‘डेब’ पॅकेज उघडून पाहावं. आत तीनच गोष्टी असतात. पहिली इवलीशी फाइल, तिच्यात फक्त ‘२.०’ हा स्वरूपाचा क्रमांक. दुसऱ्या गठ्ठ्यात पॅकेजचं नाव, आवृत्ती, कोणत्या प्रोसेसरसाठी, कशावर अवलंबून, आणि बसवण्याआधी-नंतर चालवायच्या स्क्रिप्ट. तिसऱ्यात खऱ्या फाइली, प्रत्येक तिच्या मुक्कामाच्या पत्त्यासह. बसवताना ‘डीपीकेजी’ या सगळ्याची नोंद ठेवतं, म्हणून काढायला एक कमांड पुरते. कर्नलच्या बाबतीत आणखी एक शहाणपण आहे. आवृत्ती पॅकेजच्या नावातच असते, त्यामुळे नवा कर्नल जुन्याच्या जागी न बसता शेजारी बसतो. नवा रुसला तर सुरू होतानाच्या ग्रबच्या मेनूतून जुना निवडायचा आणि कामाला लागायचं.

ही सोय आपोआप झालेली नाही. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियनमध्ये मनोज श्रीवास्तव यांनी ‘कर्नल-पॅकेज’ हे साधन घडवलं आणि वर्षानुवर्षं सांभाळलं. त्याची ‘मेक-केपीकेजी’ ही कमांड एका पिढीच्या बोटांवर बसली होती. पुढे ही व्यवस्था कर्नलच्या सोर्समध्येच आली. डेब बांधणाऱ्या तिथल्या स्क्रिप्टवर विचर्ट आकरमान यांचं नाव आणि २००३ हे साल आहे. रेड हॅट घराण्यासाठी आरपीएम, आणि २०२४ च्या ६.११ आवृत्तीपासून आर्च लिनक्ससाठी पॅकमन पॅकेजही तिथूनच बांधता येतं.

या सगळ्याचा उपयोग पुण्याबाहेर पडल्यावर अधिक जाणवतो. भोरकडे शिकवणाऱ्या एका मित्राच्या लॅबमध्ये नवे संगणक आले. त्यांची नेटवर्कची चिप इतकी नवी, की डेबियनच्या स्थिर आवृत्तीतला कर्नल तिला ओळखेना. नेट नाही म्हणून नवा कर्नल उतरवता येईना, आणि नवा कर्नल नाही म्हणून नेट नाही. त्याने एका यंत्रावर चालू असलेल्या मॉड्यूल्सची यादी पेनड्राइव्हवर आणली. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ला ती यादी दिली की तेवढेच ड्रायव्हर कंपाइल होतात आणि कित्येक तासांचं काम बरंच आटोपतं. पण यात एक मेख आहे. जो ड्रायव्हर जुन्या कर्नलमध्ये नव्हताच, तो चालू मॉड्यूल्सच्या यादीत कुठून येणार? नेटवर्कचा ड्रायव्हर कर्नलच्या कॉन्फिगच्या मेनूमध्ये शोधून हाताने निवडावा लागला. आवृत्तीच्या शेवटी आम्ही ‘-भोर’ अशी शेपटी जोडली, म्हणजे कोणत्या यंत्रावर आपला कर्नल चालू आहे हे एका कमांडने दिसावं. मग ‘मेक बिनडेब-पीकेजी’.

स्वारगेटला भोरच्या गाडीची वाट पाहताना त्याच्या हातात पेनड्राइव्ह दिला, तेव्हा त्यात पॅकेजबरोबर सोर्स आणि कॉन्फिगही होता. कर्नल जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. तयार कर्नल दुसऱ्याला देणाऱ्याने त्याचा सोर्सही उपलब्ध करून द्यायचा असतो, आणि मैत्रीतही ती अट मला मोलाची वाटते. लॅबमध्ये कंपाइलर बसवावा लागला नाही. प्रत्येक यंत्रावर एकच कमांड. फाइली सुटल्या, बूटची प्राथमिक प्रतिमा तयार झाली, ग्रबने नवा कर्नल सापडल्याचं सांगितलं, यंत्र पुन्हा सुरू केलं आणि नेटवर्कचा दिवा लागला.

पुण्याने यापेक्षा कितीतरी अवघड गाठ सोडवायला घेतली होती. सन मायक्रोसिस्टिम्सची झेडएफएस ही फाइल सिस्टिम २००५ मध्ये ओपनसोलारिसमधून खुली झाली. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने तिचे खालचे थर लिनक्सवर आणले, पण रोजच्यासारखी माउंट करून फाइली ठेवता याव्यात असा वरचा थर राहिला होता. तो लिहून २०१० मध्ये झेडएफएस लिनक्सवर चालवण्याचं काम पुण्याच्या केक्यू इन्फोटेक या छोट्या कंपनीने केलं. पुण्याच्या संगणक-इतिहासात परम महासंगणकाचं नाव सगळे घेतात. या कामाची आठवण फारशी कोणी काढत नाही, याची मला खंत आहे.

तिथेही पॅकेजचा प्रश्न आडवा येतोच. कंपाइल केलेल्या मॉड्यूलमध्ये ते कोणत्या कर्नलसाठी आहे याची खूण असते, आणि ती जुळली नाही तर कर्नल त्याला आत घेत नाही. म्हणजे प्रत्येक कर्नलसाठी वेगळं पॅकेज. यावर डेलमध्ये जन्मलेल्या डीकेएमएसचा तोडगा असा, की पॅकेजमध्ये सोर्सच पाठवायचा आणि नवा कर्नल बसला की मॉड्यूल त्याच यंत्रावर कंपाइल करायचं. झेडएफएसचा सीडीडीएल परवाना जीपीएलशी जुळतो का, यावर आजही एकमत नाही. उबुंटूने १६.०४ पासून तयार मॉड्यूल दिलं, डेबियन मात्र डीकेएमएससाठी सोर्सच देतं. एकाच फाइल सिस्टिमची दोन पॅकेजं वेगळी का, याचं उत्तर तंत्रात कमी आणि परवान्यात जास्त आहे.

आपलं पॅकेज बांधलं की एक जबाबदारीही अंगावर येते. कर्नलमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या सतत होतात. डेबियनच्या कर्नलला त्या नेहमीच्या अपडेटमधून मिळतात, ‘-भोर’ शेपटीच्या कर्नलला कोण देणार? ज्याने बांधला त्यानेच. सिक्युअर बूट चालू असेल तर सहीचा प्रश्नही त्याचाच. आपल्या महाविद्यालयांत कर्नल कंपाइल करायला शिकवतात तिथे हा उरलेला अर्धा भागही शिकवावा, असं मला कळकळीने वाटतं: पॅकेज बांधणं, त्याचा क्रमांक वाढवणं, दुसऱ्याच्या यंत्रावरून ते सुखरूप काढणं. मित्राशी ठरलं ते असं, की डेबियनच्या बॅकपोर्ट्समध्ये त्या चिपचा ड्रायव्हर असलेला कर्नल आला की तो बसवायचा, आठवडाभर चालवून पाहायचा, आणि मग आमचं पॅकेज प्रत्येक यंत्रावरून काढून टाकायचं.