व्यापारातील घरोबा

व्यापार म्हटला की नफातोट्याचा हिशेब आला, आणि हिशेब आला की माणुसकी ओसरीवरच थांबते, असा एक समज आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु ज्याला बाजारात वर्षानुवर्षे टिकावयाचे असते, त्याला वहीत न मांडता येणारी काही देवघेव करावीच लागते. हल्ली उद्योगधंद्यांतील ओळखी वाढविण्यासाठी शहरांतून मेळावे भरतात, नावांची कार्डे वाटली जातात. पाचशे वर्षांपूर्वी बीदरच्या पेठेत आलेल्या एका परदेशी व्यापाऱ्यापाशी ह्यांतले काहीच नव्हते. फार काय, विकावयास धड मालही नव्हता.

अफानासी निकितीन हा रशियातील त्वेर शहरचा व्यापारी. व्होल्गा नदीच्या मुखाकडे त्याचा माल लुटला गेला. लुटलेल्या सोबत्यांपैकी ज्यांच्या डोक्यावर देणे होते ते वाट फुटेल तिकडे निघून गेले, असे तो लिहितो. तो स्वतः इराणातून होर्मुझला आला आणि 1470 च्या आगेमागे एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला. तेथून तो जुन्नरला पोहोचला. हा मनुष्य मुसलमान नाही असे कळताच तेथील अधिकारी असदखान ह्याने घोडा अडकवून ठेवला. धर्म बदल, म्हणजे घोडाही मिळेल आणि वर एक हजार मोहराही. नाही तर घोडा गेला आणि हजार मोहरा दंड! मुदत चार दिवसांची. प्रभूच्या सणाच्या आदल्या दिवशी महंमद नावाचा एक खुरासानी गृहस्थ तेथे आला. निकितीनने त्याला गळ घातली. तो खानाकडे गेला, रदबदली केली आणि घोडा सोडवून आणला. एका निष्कांचन ख्रिस्ती परदेशीयासाठी शब्द टाकण्यात त्याला कोणती दलाली मिळणार होती? निकितीनने मात्र त्याचे नाव आपल्या टिपणांत लिहून ठेवले, आणि तेवढ्यामुळे ते आजही वाचावयास मिळते.

घोडा बीदरला नाताळाच्या सुमारास विकला गेला. बाजारात निकितीन ख्वाजा युसूफ खुरासानी ह्या नावाने वावरत असे. पुढे त्याचा पुष्कळ हिंदूंशी परिचय झाला, तेव्हा आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत हे त्याने त्यांना उघड सांगितले. ज्या गोष्टीमुळे जुन्नरला जीव टांगणीला लागला होता तीच गोष्ट आपण होऊन सांगणे सोपे नव्हे. त्यानंतर त्या लोकांनी त्याच्यापासून जेवणखाण, व्यापार, पूजाअर्चा, काहीच लपविले नाही. घरच्या स्त्रियाही पडद्याआड ठेवल्या नाहीत. त्यांच्याच सोबतीने तो शिवरात्रीला श्रीशैलाच्या यात्रेस गेला. ओळखीचा घरोबा होतो तो असा. आपल्याविषयीची अडचणीची गोष्ट प्रथम आपण सांगावी लागते, आणि दुसऱ्याच्या सणावारी त्याच्याबरोबर पायपीट करावी लागते.

ह्यामुळे त्याचा धंदा भरभराटला असे मात्र नाही. येथे माल अमाप आहे असे आपल्याला खोटेच सांगितले गेले, आपल्या देशास उपयोगी असे येथे काही नाही, मिरी आणि रंग स्वस्त पण जकात भारी आणि समुद्रात चाचे, अशी त्याची तक्रार आहे. आज कलबुर्गी जिल्ह्यात असलेल्या आळंदच्या जत्रेत वीस हजार घोडे विक्रीस येतात, असेही तो नोंदवितो.

त्याच काळी बीदरच्या राज्यात महमूद गावान हा वजीर होता. तोही मूळचा इराणातील गीलान प्रांताचा व्यापारी. त्याची पदवी मलिक-उत्-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख. त्याच्या पंक्तीला रोज पाचशे माणसे बसतात असे निकितीन सांगतो. पंक्ती मोठी असली म्हणजे सगळेच आपले होतात असे नाही. 1481 साली एका बनावट पत्रावरून गावानचा वध झाला; त्या पत्रावरची त्याची मोहोर त्याच्याच पदरच्या माणसाला फितवून उमटविलेली होती.

आता बीदर जिल्ह्यातील ठाणाकुशनूरकडे पाहू. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. उदगीर मुंबई राज्यात गेले, औराद आणि भालकी म्हैसूर राज्यात. राज्ये दोन झाली तरी तूर-उडदाच्या राशी झाल्यावर शेतकरी जी वाट धरतो ती नकाशा पाहून नव्हे, आडत्या पाहून. हा आडत्या पेरणीला उचल देतो. ही मदत खरी. पण तिच्या पोटी माल आपल्याच दुकानी घालण्याचा बोल असतो, आणि भाव कमी वाटला तरी शेतकऱ्याला गाडी दुसऱ्या दारी वळविता येत नाही. असल्या मदतीला औदार्य म्हणणे कठीण आहे. ह्याउलट एखादा आडत्या शेतकऱ्याला सांगतो, “आज भाव पडला आहे, माल आठ दिवस घरीच ठेवा.” त्या दिवसाची आडत तो आपण होऊन सोडतो. अशा दुकानी बापानंतर मुलगाही माल घालतो आणि घरच्या लग्नाची पहिली पत्रिका तेथेच जाते. दोघेही व्यापारीच, पण पहिल्याचे खाते फिटले की माणूस तुटतो.

निकितीन घरी पोहोचलाच नाही. परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्कच्या अलीकडे, तो वारला. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या वह्या व्यापाऱ्यांनीच मॉस्कोला नेल्या आणि 1475 मध्ये तेथील राजाचा चिटणीस वासिली मामिरेव ह्याच्या हवाली केल्या. बीदरची, जुन्नरची, आळंदची ही सारी हकीकत त्या वह्यांतली आहे.