टोपीचा मान आणि नेमबाजाचा जीव

सैन्यात टोपी ही केवळ डोके झाकण्याची वस्तू नसते. फेटा, पगडी, स्कॉटिश बॉनेट किंवा बेरे पाहताच जवानाची पलटण कळते. अडचण एवढीच, की ती शत्रूलाही कळते.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील खंदकांत ही अडचण जिवावर बेतू लागली. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या टोपीचा सपाट माथा खंदकाच्या ओबडधोबड काठावर उठून दिसे आणि दुर्बीण लावलेल्या रायफली घेऊन बसलेल्या जर्मन स्नायपरना तेवढे पुरे होई. पुढे पोलादी शिरस्त्राणे आली. परंतु ती वरून येणाऱ्या तुकड्यांपासून बचावासाठी होती, थेट गोळीपुढे त्यांचा फारसा टिकाव लागत नसे.

मेजर हेस्केथ-प्रिचर्ड या शिकारी आणि क्रिकेटपटू अधिकाऱ्याने मग टोपीचेच आमिष केले. कागदाच्या लगद्याचे हुबेहूब मस्तक टोपीसह खंदकावर हळूच उचलले जाई. गोळी आरपार गेली, की पुढच्या आणि मागच्या छिद्रांच्या रेषेत पेरिस्कोप लावून ती कोठून सुटली हे शोधता येई. शीख आणि गुरखा सैनिकांची मस्तकेही याच पद्धतीने दाखवली जात, म्हणजे समोर भारतीय पलटणी आहेत अशी जर्मनांची समजूत व्हावी. पागोट्यावरून पलटण ओळखण्याची सवय अशी शत्रूवरच उलटवण्यात आली.

'लोव्हॅट स्काउट्स'ची गोष्ट याहून वेगळी. बोअर युद्धासाठी १९०० मध्ये लॉर्ड लोव्हॅट यांनी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील हरणांचा माग काढणाऱ्यांतून हे दल उभारले. त्यांच्या टोपीवरील बिल्लाही हरणाच्या मस्तकाचाच. १९१६ पासून त्यांच्यातील निवडक माणसांचे लहान गट इतर सैन्यदलांना जोडून देण्यात आले. नेमबाजीइतकेच, किंबहुना अधिकच, महत्त्व त्यांच्या दुर्बिणीतून टेहळणी करण्याला होते. राहणे परक्या दलात, बिल्ला मात्र स्वतःचा!

ही रीत पुढेही टिकली. १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दळांना मरून बेरे मिळाली. त्यांच्यासोबतचे तोफची, अभियंते, डॉक्टर तीच बेरे घालतात, पण त्यावर बिल्ला आपापल्या दलाचा लावतात. भारतात तर अख्खी पलटणच पालटल्याचे उदाहरण आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. याच बटालियनने ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइल येथे हवाई उडी घेतली.

स्नायपरच्या बाबतीत मात्र हा सारा मान छावणीपुरताच उरतो. मोर्चावर निघताना त्याच्या डोक्यावर येते ते चिंध्या, गोणपाट आणि तेथलेच गवत खोचलेले आच्छादन. 'गिली सूट' नावाचा हा पोशाख लोव्हॅट स्काउट्सनीच रणांगणावर आणला. त्यावर बिल्ल्याला जागा नाही.