तळ्याचे हिरवे पाणी आणि प्राणिप्लवक

उन्हाळ्यात गावतळ्याचे पाणी हिरवेगार होते, ते शैवालामुळे, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु त्याच पाण्यात हे शैवाल खाणारे असंख्य सूक्ष्म जीव वावरत असतात. त्यांस प्राणिप्लवक म्हणतात. रोटिफर, डॅफ्निया व सायक्लॉप्स हे त्यांतील प्रमुख होत. पैकी सायक्लॉप्सचे नाव नारूच्या रोगामुळे खेडोपाडी पोहोचले होते; भारत नारूमुक्त झाल्याचे २००० साली जाहीर झाले.

डॅफ्निया पायांवरील केसांच्या जाळीने पाणी गाळून त्यातील बारीक शैवाल गिळतो. मग तळे आपोआप निर्मळ का होत नाही? याची कारणे तीन आहेत. पहिले, सांडपाणी, शेण व खते यांतून येणारे नत्र व स्फुरद शैवालास सतत पोसतात. प्राणिप्लवकांच्या उत्सर्गातूनही ही द्रव्ये पाण्यात परततात. दुसरे, अशा पाण्यात मायक्रोसिस्टिस हे नीलहरित शैवाल माजते. त्याचे चिकट पुंजके प्राणिप्लवकांस सहसा गिळता येत नाहीत. काही विषारीही असतात. बारीक शैवाल खाल्ले जाते आणि हे मागे उरून फोफावते. तिसरे कारण मासे. प्लवकभक्षी मासे मोठे प्राणिप्लवक आधी टिपतात, हे ब्रुक्स व डॉडसन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६५ साली दाखविले. थंड प्रदेशातील काही तळी वसंतात डॅफ्नियामुळे काही काळ निवळतात. उष्ण प्रदेशातील तळ्यांत मात्र बहुधा लहान जातीच उरतात व त्यांची शैवाल फस्त करण्याची शक्ती अल्प असते.

म्हणूनच सांडपाण्याने हिरव्या पडलेल्या कोल्हापूरच्या रंकाळ्यासारख्या तलावात केवळ या जीवांवर विसंबून चालत नाही. येणारे सांडपाणी अडविणे हाच मूळ उपाय होय.

मत्स्यशेतीत थोडा हिरवेपणा इष्ट असतो, कारण कटला माशाचे मुख्य खाद्य प्राणिप्लवक हेच आहे. मात्र शैवाल अति वाढल्यास ते रात्री पाण्यातील प्राणवायू वापरते आणि पहाटे मासे पृष्ठभागी येऊन तडफडतात. यासाठी सोपी परीक्षा अशी: हात पाण्यात उभा बुडवावा. पाणी गढूळ नसताना कोपर बुडण्याआधीच तळहात दिसेनासा झाला, तर शेणखत टाकणे थांबवावे.

शिक्षकांनी तळ्याचे पाणी काचेच्या बरणीत घेऊन उजेडासमोर धरावे. त्यात उड्या घेणारे पांढुरके ठिपके विद्यार्थ्यांस सहज दिसतील. तळ्याच्या आरोग्याचा धडा तेथूनच सुरू करता येईल.